बंदरातल्या टगचे वय कशात मोजायचे?

माझगावकर :

माझे वडील नौदलाच्या मुंबईतील गोदीत मुलकी खलाशी होते. लास्कर (साधे खलाशी) म्हणून लागले आणि सारंग (खलाशांचे मुकादम) म्हणून निवृत्त झाले. नोकरीतला निम्म्याहून अधिक काळ त्यांनी एकाच टगवर काढला. तिचे नाव मुद्दामच देत नाही, कारण प्रश्न त्या एका बोटीपुरता नाही. मागच्या महिन्यात पोटमाळा आवरताना त्यांच्या अकरा वह्या सापडल्या. लाल कापडी पाठीच्या, दुकानदार उधारीसाठी वापरतात तशा. प्रत्येक पानावर तारीख, भरतीची वेळ, कोणत्या प्रकारचे जहाज, ते धक्क्याला लावले की धक्क्यावरून काढले, आपण पुढच्या अंगाला होतो की मागच्या, आणि दोर कोणता दिला एवढेच लिहिलेले आहे. प्रत्येक कामाला अनुक्रमांक आहे आणि दर 1 जानेवारीला तो पुन्हा एकपासून सुरू होतो. एका वर्षाच्या वहीत तो सहाशेच्या पुढे गेला आहे.

ज्यांनी टग जवळून पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. जहाजाचे सुकाणू पाण्याच्या वेगावर चालते. जहाज मंदावले की सुकाणूला धार मिळत नाही, आणि धक्क्याजवळ तर मंदावावेच लागते. अशा वेळी जहाजाला जागेवर वळवणे, वाऱ्याविरुद्ध धरून ठेवणे आणि हलक्या हाताने धक्क्याला टेकवणे हे टगचे काम. व्यापारी बंदरातल्या टगपेक्षा नौदलाच्या टगचे काम नाजूक असते, असे वडील म्हणत. युद्धनौकेच्या अंगाचा पत्रा पातळ, त्यामुळे कुठेही नाक लावून ढकलता येत नाही. आतून मजबुती दिलेल्या ठरावीक जागीच रेटायचे. अनेक युद्धनौकांच्या नाळेखाली, म्हणजे पुढच्या टोकाखाली, पाण्यात सोनारचा (आवाजाने पाण्याखालचा शोध घेणाऱ्या यंत्राचा) फुगवटा असतो, त्यापासून लांब राहायचे. पाणबुडीचे अंग गोल, तिचा बराचसा भाग पाण्याखाली, म्हणून तिथे साधे फेंडर, म्हणजे धक्का झेलणाऱ्या गाद्या, पुरत नाहीत. विमानवाहू जहाजाचा डेक बाहेर झुकलेला, त्याखाली शिरताना आपली डोलकाठी अडकायची भीती.

लहानपणी नौदल दिनाच्या सुमारास, म्हणजे डिसेंबरच्या सुरुवातीला, कुटुंबीयांना गोदी दाखवत तेव्हा एकदा मी त्या टगवर चढलो होतो. कठड्याबाहेर साखळीने टांगलेले ट्रकचे टायर, त्यांच्या आतल्या खोबणीत अडकलेली कालवे आणि मागच्या डेकवर गुंडाळी करून ठेवलेला, माझ्या मांडीइतका जाड दोर एवढेच आठवते. त्या दोराच्या फासाला कॅन्व्हास गुंडाळून सुतळीने शिवलेले होते. ती शिवण वडिलांची होती. घरी आईला सुईत दोरा ओवून मागणारा माणूस हे करतो, याचे तेव्हा नवल वाटले होते.

आता प्रश्न. विशाखापट्टणमच्या हिंदुस्थान शिपयार्डने नौदलासाठी अलीकडे 50 टन ओढीच्या टग बांधल्या. त्यांतल्या ‘वीरन’च्या वेळी तिचा सेवाकाल 20 वर्षे असल्याचे सांगितले गेले. वडिलांची टग मात्र 31 वर्षे चालली. मग ही वीस वर्षे म्हणजे नेमके काय? आणि तीस वर्षांनी बोट म्हातारी झाली हे कोण, कशावरून ठरवते?

जाता जाता आणखी एक शंका. भरतीच्या वेळेपुढे कुठे ‘उ’ तर कुठे ‘भां’ लिहिले आहे. कोणाला अर्थ लागला तर सांगावा.

करंजाकर :

‘उ’ म्हणजे उधाण, ‘भां’ म्हणजे भांग. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी जोरात चढते आणि जोरातच उतरते ते उधाण. अष्टमी-नवमीच्या सुमाराला पाणी मवाळ असते तो भांग. मुंबईत उधाणाची भरती चार मीटरच्या वर जाते. त्या ओढीत जहाज धरणे आणि भांगाच्या पाण्यात धरणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि आपल्या वडिलांनी ती वेगळी नोंदवली आहेत. आमच्याकडे अजूनही होडी काढण्याआधी हेच पाहतात.

निवृत्त फोरमन :

माझगावकर साहेब, मी हलच्या, म्हणजे जहाजाच्या अंगाच्या, कामात पस्तीस वर्षे काढली, कोणत्या गोदीत ते राहू द्या. आपल्या प्रश्नातल्या पहिल्या भागाचे उत्तर माझ्याकडे आहे. दुसऱ्या भागाचे अर्धेच आहे.

वीस वर्षे ही मरणाची तारीख नव्हे. आराखडा करणारा माणूस पत्र्याची जाडी ठरवताना गंजून किती जाईल याचा अंदाज बांधतो आणि तेवढी जाडी वरकड देतो. समुद्राच्या पाण्यात उघड्या पोलादाची झीज ढोबळ मानाने वर्षाला मिलिमीटरचा दहावा हिस्सा धरतात. रंग चांगला असेल आणि पोलादाऐवजी स्वतः झिजणाऱ्या जस्ताच्या वड्या वेळेवर बदलल्या असतील तर ती त्याहून कितीतरी कमी होते. दोन्ही बाबतींत चालढकल झाली तर जास्त. म्हणजे वीस वर्षे हा एक करार आहे: तुम्ही नीट निगा राखा, इतका काळ मोठी शस्त्रक्रिया लागणार नाही. पुढे जगायचेच असेल तर शस्त्रक्रियेची तयारी ठेवा.

पत्रा सगळीकडे सारखा गंजत नाही, हे बाहेरच्यांना माहीत नसते. कायम पाण्याखाली असलेला भाग त्या मानाने बरा असतो. सर्वांत वाईट अवस्था होते ती पाण्याच्या रेषेवरच्या हातभर पट्ट्याची, जिथे पाणी आणि हवा आलटून पालटून लागते. टगच्या बाबतीत तर नेमका तोच पट्टा टायरांमागे असतो. टायर घासून रंग उडतो, मागे ओल राहते आणि साखळीच्या कड्या अंगावर आपटत राहतात. मी स्वतः एका टगचे टायर काढल्यावर मागे टायरच्या आकाराची गोल गोल भगदाडे पडण्याच्या बेताला आलेली पाहिली आहेत. उरलेला शत्रू आतून येतो. साखळीची कोठी, इंजिनाच्या पायाखालचा बिल्ज (पाणी साचणारा तळ), अगदी मागची निमुळती टाकी, म्हणजे जिथे माणूस नीट बसू शकत नाही आणि म्हणून रंगाचा ब्रशही नीट पोहोचत नाही अशा जागा. त्यात मुंबई बंदराचा गाळ. या काळ्या गाळात प्राणवायूशिवाय जगणारे जिवाणू असतात आणि ते पोलादाला खड्डे पाडतात. सपाट झीज परवडली, खड्डे परवडत नाहीत.

बोट कोरड्या गोदीत घेतली की आधी शिंपले खरवडायचे, मग पाण्याच्या जोराने धुवायचे, मग हातोडी घेऊन फिरायचे. चांगला पत्रा टणटणतो आणि गेलेला पत्रा बद्द वाजतो. हल्ली अल्ट्रासॉनिक यंत्राने चौकटीगणिक, म्हणजे बोटीच्या फासळीगणिक, जाडी मोजून तक्ता करतात आणि तेच बरोबर आहे, पण जुने लोक यंत्र कुठे लावायचे हे हातोडीने ठरवत. मूळ जाडीच्या साधारण चौथा हिस्सा गेला की पत्रा बदलायची चर्चा सुरू होते. घाई असेल तर वरून दुसरा पत्रा चढवतात, त्याला डबलर म्हणतात. डबलर हा उपाय नव्हे, उधारी आहे. दोन पत्र्यांच्या मध्ये काय चालले आहे ते कुणालाच दिसत नाही.

आता बोट म्हातारी झाली हे कोण ठरवते, तर सर्व्हे होतो आणि दुरुस्तीचा अंदाज काढला जातो. खर्च बोटीच्या उरलेल्या उपयोगाच्या मानाने परवडत नसेल तर कागदावर ‘बीईआर’ अशी तीन अक्षरे उमटतात. दुरुस्ती परवडण्यापलीकडे, असा त्याचा अर्थ. पण माझा अनुभव असा की पत्र्यामुळे टग क्वचितच मरते. पत्रा कायम बदलता येतो. टग मरते ती सुटे भाग मिळेनासे झाल्यामुळे, किंवा तिच्यापेक्षा जहाजे मोठी झाल्यामुळे.

पहिली ‘विक्रांत’ पूर्ण भाराने साधारण 19,500 टनांची होती. ‘विक्रमादित्य’ सुमारे 44,500 टनांची आहे आणि 2022 मध्ये कोचीला सेवेत आलेली नवी ‘विक्रांत’ 262 मीटर लांब आहे. पहिल्या ‘विक्रांत’ला पुरणारी टग यांच्यापुढे किती पुरणार? टग तीच, पत्रा शाबूत, इंजिन ठणठणीत, आणि तरी ती निरुपयोगी. याला म्हातारपण म्हणायचे का, ते मला ठरवता आलेले नाही. म्हणून उत्तर अर्धे म्हणालो.

इंजिनखोली :

फोरमन साहेबांचे पत्र्याविषयीचे म्हणणे मान्य, पण इंजिन त्यांनी एका शब्दात गुंडाळले. मी खाजगी बंदरातल्या टगवर इंजिनिअर होतो, तेव्हा तिथले सांगतो. यंत्राचा स्वभाव सगळीकडे सारखाच.

टगच्या इंजिनाची उमर वर्षांत नाही, तासांत मोजतात, आणि ते तासही फसवे असतात. टगला अवाढव्य ताकद दिलेली असते, पण ती पूर्ण ताकद दिवसातून काही मिनिटेच लागते. उरलेला वेळ इंजिन मंद चालत असते, कारण जहाज कधी बोलावेल याचा भरवसा नसतो आणि थंड इंजिनाला एकदम रेटता येत नाही. डिझेल इंजिनाला दमवल्यापेक्षा रिकामे बसवल्याने जास्त इजा होते. मंद गतीला आत पुरेशी उष्णता तयार होत नाही, डिझेल अर्धवट जळते, नोझलवर काजळी बसते, लायनरची (सिलिंडरच्या आतल्या नळीची) भिंत काचेसारखी गुळगुळीत होऊन तेल धरत नाही आणि एक्झॉस्टमधून काळा चिकट रस गळू लागतो. त्यातच अचानक हुकूम येतो, ‘फुल अहेड’, पूर्ण जोराने पुढे. थंड्याचे एकदम गरम, गरमचे पुन्हा थंड. समुद्रात दिवसचे दिवस एका चालीने जाणाऱ्या जहाजाचे इंजिन आणि टगचे इंजिन यांचे तास म्हणूनच एका तराजूत घालता येत नाहीत.

दुसरे असे की टगची ताकद घोड्यांत सांगतात ती अपुरी असते. खरी ताकद म्हणजे बोलार्ड पुल. किनाऱ्यावरच्या खुंटाला दोर बांधून, मध्ये वजन मोजणारे यंत्र लावून, पूर्ण जोराने ओढायला लावतात. जो आकडा स्थिर राहतो ती तिची ओढ. प्रोपेलरची पाती झिजली, शाफ्टची बेअरिंग सैल झाली, बुडाला शिंपले लागले की हा आकडा हळूहळू उतरतो. पन्नास टनांची म्हणून कागदावर असलेली टग पंधरा वर्षांनी प्रत्यक्षात किती ओढते, हे पुन्हा मोजल्याशिवाय कळत नाही, आणि पुन्हा मोजायला कोणाला सवड नसते.

सुकाणूवाली :

चर्चा वाचून थोडी अस्वस्थ झाले. माझा भाऊ टगवर काम करतो, म्हणून स्पष्ट लिहिते. येथे तीस वर्षे चाललेल्या बोटीचे कौतुक चालले आहे, पण सेवाकालाची मर्यादा पोलादासाठी जितकी असते तितकीच माणसांसाठीही असते. जुन्या पद्धतीच्या टगमध्ये प्रोपेलर मागे आणि ओढीचा हुक साधारण मध्यावर असतो. जहाज पुढे निघाले आणि टगला वेळेत वळता आले नाही तर दोर तिला आडवा खेचतो आणि ती पाहता पाहता कलंडते. याला गर्टिंग म्हणतात, आणि आत असलेल्या माणसांना बाहेर पडायला वेळ मिळत नाही. म्हणूनच हुक एका झटक्यात सुटला पाहिजे हा नियम. नव्या टगची प्रोपेलर पूर्ण वर्तुळात फिरतात, त्यामुळे ती कोणत्याही दिशेला सरकू शकते आणि हा धोका बराच कमी होतो, जात मात्र नाही.

दोर तुटला तर काय होते हेही मुंबईकरांनी पाहिलेले आहे. जून 2011 मध्ये भंगारात निघालेले ‘विस्डम’ हे जहाज गुजरातेत अलंगला, जहाजे तोडण्याच्या किनाऱ्यावर, ओढून नेत असताना टगपासून सुटले आणि थेट जुहूच्या वाळूत येऊन बसले. लोक तिकडे फोटो काढायला गेले. त्या टगच्या डेकवर तुटलेला दोर परत कोणत्या वेगाने आला असेल, याचा विचार किती जणांनी केला असेल?

बोट तीस वर्षे टिकली हे खरे असेल, पण शेवटची दहा वर्षे तिच्यावरच्या माणसांनी काय सोसले तेही वह्यांत शोधावे, ही विनंती.

माझगावकर :

सुकाणूवाली ताई, आपण लिहिल्यावर मी वह्या पुन्हा चाळल्या. आपले बोलणे मला लागले, कारण ते बरोबर आहे.

शेवटून तिसऱ्या वहीत एका पावसाळ्यातली नोंद आहे. वडिलांची नोंद एरवी एका ओळीच्या पुढे जात नाही, ही चार ओळींची आहे. उधाणाची ओहोटी, मागच्या अंगाला दोर, जहाजाने सांगितल्यापेक्षा आधी चाल दिली, हुकचा खटका ओढला तो सुटला नाही. ‘डेकपर्यंत पाणी आले. कुऱ्हाड घेतली. दोर निम्मा कापल्यावर आपोआप तुटला. कोणाला लागले नाही.’ एवढेच. घरी त्यांनी हे कधीच सांगितले नाही. आईला विचारले, तर तीही म्हणाली की एकदा ते डाव्या हाताला फडके बांधून आले होते आणि डबा उघडताना पत्रा लागला म्हणाले होते. तारीख तिला आठवत नाही, म्हणून मी जोडून पाहण्याचा मोह आवरतो.

त्यानंतरच्या पानांवर मात्र एक फरक दिसतो. दर सोमवारी पहिल्या कामाच्या आधी ‘खटका पाहिला’ असे दोन शब्द आहेत. हुक बदलला की नाही, ते वह्यांतून कळत नाही.

तेव्हा 31 वर्षे हा आकडा मी ज्या अभिमानाने लिहिला होता, तो थोडा कमी करतो. पण पूर्ण मागे घेत नाही.

जुनी मुंबई :

धागा वाचताना ‘होगा’ आठवली. अमेरिकी नौदलाची ही बंदरातली टग मे 1941 मध्ये सेवेत आली. म्हणजे 7 डिसेंबरला पर्ल हार्बरवर हल्ला झाला तेव्हा ती वर्षाचीही नव्हती. त्या सकाळी जळत्या ‘ॲरिझोना’ या युद्धनौकेला लागून असलेले ‘व्हेस्टल’ हे दुरुस्ती जहाज तिने ओढून बाजूला काढले. मग बाँब लागलेली ‘नेवाडा’ ही युद्धनौका बंदराच्या अरुंद वाटेत बुडून वाट बंद होऊ नये म्हणून तिला कडेला नेऊन टेकवायला मदत केली, आणि पुढचे दोन-तीन दिवस पाण्याचे फवारे मारून आगी विझवत राहिली. शंभर फुटांची बोट, मोजके खलाशी.

तिचे खरे आयुष्य मात्र त्यानंतरचे आहे. 1948 मध्ये ती कॅलिफोर्नियातल्या ओकलंड बंदराला अग्निशमन बोट म्हणून देण्यात आली आणि 1994 पर्यंत तेच काम करत राहिली. आज ती आर्कान्सामध्ये नदीकाठच्या संग्रहालयात आहे. म्हणजे नौदलात सात वर्षे आणि बंदरात सेहेचाळीस. अमेरिकेच्या 1960 च्या दशकापासून बांधलेल्या नाटिक वर्गाच्या टगही नौदलाने काढून टाकल्यावर खाजगी कंपन्यांनी घेतल्या आणि त्यांतल्या काही अर्धशतक ओलांडूनही काम करत राहिल्या. नौदलाच्या हिशेबात आयुष्य संपले तरी बोटीचे संपतेच असे नाही.

लाकडाचे तर विचारूच नका. वाडियांनी मुंबईच्या गोदीत सागवानात बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ 1817 ची. ती आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगते आहे. टगच्या धाग्यात हे विषयांतर झाले खरे, पण ज्या गोदीत माझगावकरांचे वडील कामाला जात, तिथलेच हे काम, म्हणून राहवले नाही.

दारूखाना :

आपल्याकडच्या टगच्या नशिबी संग्रहालय बहुधा येत नाही. लिलावात जातात आणि आमच्याकडे येतात. माझे काका दारूखान्यात, मुंबईतल्या जहाजे तोडण्याच्या जागी, गॅस कटर चालवत.

उधाणाच्या भरतीला बोट जेवढी वर येईल तेवढी घ्यायची, पाणी उतरले की ती चिखलात बसते. आधी टाक्यांतले तेल काढायचे, कारण तेलाच्या वाफेवर कटरची ठिणगी पडली की माणूस जातो. मग लाकूडकाम, वायरी, भांडी, दिवे. त्यातले बरेचसे चोर बाजारात दिसते. टायर कोणीतरी लाँचवाला त्याच दिवशी उचलतो. मग नाळेपासून कापत मागे जायचे, हलकी झाली की विंचने आणखी वर ओढायची. ब्राँझचा प्रोपेलर शेवटी उघडा पडतो आणि त्याचा सौदा वेगळा होतो. पोलाद रिरोलिंगला, म्हणजे तापवून पुन्हा लाटायला, जाते. काका म्हणत, टग कापायला तिच्या आकाराच्या मानाने जास्त वेळ लागतो, कारण छोट्या जागेत जाड लोखंड ठासून भरलेले असते.

पहिली ‘विक्रांत’ही 2014 मध्ये दारूखान्यातच आली, आणि 2020 मध्ये ‘विराट’ मुंबईहून अलंगला गेली. दोन्ही जहाजांची स्वतःची इंजिने बंद होती. त्यांना शेवटचे पोहोचवले ते टगनेच.

माझगावकर :

दारूखाना यांच्या शेवटच्या ओळीवरून मी अकराव्या वहीचे शेवटचे भरलेले पान काढले.

त्या दिवशी वडिलांची टग स्वतः ओढली गेली. इंजिन बंद, दोन माणसे डेकवर, त्यांतले एक वडील. ओढणारी टग तिच्याहून नवी होती. नोंद नेहमीसारखीच आहे: तारीख, भरतीची वेळ, पुढे ‘भां’, कोठून कोठे, दोर कोणता. फक्त जहाजाच्या प्रकाराच्या जागी ‘आपली’ असे लिहिले आहे आणि ‘दोर दिला’ऐवजी ‘दोर घेतला’. डाव्या कडेला अनुक्रमांक घातलेला आहे, त्या वर्षीचा 212 वा. म्हणजे त्यांनी ते तिचे काम म्हणून धरले.

फोरमन साहेब, तिसऱ्या वहीच्या मलपृष्ठावर पेन्सिलने चौकटींचे आकडे आणि त्यांपुढे मिलिमीटर लिहिलेले सापडले. बहुधा कोरड्या गोदीतला जाडीचा तक्ता उतरवून घेतला असावा. रविवारी फोटो काढून येथेच टाकतो. तीन ठिकाणी फुली आहे, तेवढे पाहून सांगावे.